केरबानं सायलेन्सर राखला

एका गावात एक भोळा राखणदार होता. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि त्यांना वाचता येतं. राखणदाराचं नाव केरबा. तिशी केव्हाच ओलांडलेली. राखायला वस्तू एकच होती, मामीची व्हॅन.

मामा गेले तेव्हा त्यांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या. एक जुनी व्हॅन आणि एक थोराड भाचा. दोन्ही ढकलल्याशिवाय सुरू होत नसत. हौसामामीनं दोन्ही सांभाळली. पदर खोचून ती गाडी चालवायला शिकली आणि गावातल्या अकरा मुलींना रोज तालुक्याच्या शाळेत नेऊ-आणू लागली. केरबाकडे दाराचं काम होतं. मुली आल्या की सरकतं दार उघडायचं, बसल्या की लावायचं. हे काम तो असं करी, की पाहणाऱ्याला वाटावं आत राजकन्या बसल्यात. मुली त्याला केरबादादा म्हणत. आपण या जगात कशासाठी आलो हे भल्याभल्यांना कळत नाही. केरबाला कळलं होतं. तो दारासाठी आला होता.

महिन्याच्या अठरा तारखेला व्हॅनचं पासिंग होतं. पासिंग म्हणजे गाडी तालुक्याच्या मैदानावर न्यायची. तिथं साहेब गाडी तपासतात, धूर मोजतात. पास झाली तर शिक्का. नापास झाली तर इतकी जुनी गाडी सरळ भंगारात. मग मुली शाळेत जायच्या कशा, मामीचं चालायचं कसं, आणि दारच नसेल तर केरबानं उघडायचं काय?

तर, एक तारखेला सकाळी मुलींना शाळेत सोडून मामीनं व्हॅन चिंचेखाली लावली. तिला दवाखान्यात गुडघा दाखवायचा होता.

"केरबा, गाडीवर डोळा ठेव."

"कुठवर?"

"मी येईपर्यंत."

"बरं मामी."

केरबानं शब्द न शब्द ध्यानात ठेवला. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो समोरच्या दगडावर बसला आणि त्यानं गाडीवर डोळा ठेवला. खरं तर त्यानं दोन्ही ठेवले. एकावर एक फुकट.

थोड्या वेळानं निळ्या कपड्यातले दोघं आले. एक उंच, एक ठेंगणा. हातात जॅक आणि पान्यांची पिशवी.

"गाडी कुणाची?" उंचानं विचारलं.

"मामीची."

"आम्ही गाडीच्या कामाला आलोय."

"मी डोळा ठेवायला आलोय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ठेवा, ठेवा," ठेंगणा म्हणाला. "ज्याचं त्यानं काम करावं."

त्यांनी गाडी उचलली. ठेंगणा खाली सरपटत गेला. मध्येच त्याचा हात बाहेर आला. "दादा, तो बारीक पाना जरा द्या."

"नाही जमायचं," केरबा म्हणाला. "डोळा हलेल."

अकरा मिनिटांत ते एक लांब नळकांडं पोत्यात गुंडाळून निघून गेले. केरबाची पापणीसुद्धा लवली नाही.

मामी आली. तिनं गाडी सुरू केली आणि चिंचेवरचे सगळे कावळे उडाले. मळणीयंत्रासारखा आवाज. मामीनं गाडी बंद केली.

"केरबा, इथं कोण आलं होतं?"

"दोघं. निळे कपडे. एक उंच, एक ठेंगणा. ठेंगण्याच्या कानावर पेन्सिल. गाडीखाली गेले, अकरा मिनिटं होते, नळकांडं घेऊन गेले."

"आणि तू काय करत होतास?"

"बघत होतो."

मामीला त्यात खोट काढता येईना. तिनं कपाळाला हात लावला आणि बाबालाल मिस्त्रीला निरोप पाठवला.

बाबालाल मिस्त्री म्हणजे गावातला एकमेव माणूस, ज्याला गाडीच्या पोटातलं कळे. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि तो चुकचुकला.

"सायलेन्सर गेला, हौसाक्का. कन्व्हर्टरसकट."

"अरे पण त्या गंजक्या पिपाणीचं चोराला काय लोणचं घालायचंय?"

"पिपाणीसाठी नाही नेत. पिपाणी ते ओढ्यात फेकून देतात. आत एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, असल्या धातूंचा हात फिरवलेला असतो. ती जाळी फोडायची, कुटायची. करड्या रंगाची माती होते बघा. ती माती वजनावर विकतात, सोन्यासारखी."

"मग चकचकीत नव्या गाड्या सोडून माझी म्हातारीच का दिसली त्यांना?"

"नव्या गाडीत ते इंजिनाला चिकटून वर दडलेलं असतं. काढायला अर्धा दिवस. जुनीत खाली लोंबतं, दोन नटांवर. गाडी उंच, माणूस आरामात आत शिरतो. आणि जुन्यात माल जास्त असतो म्हणतात."

"म्हणजे माझ्या कानात पितळ आणि गाडीच्या ढुंगणात प्लॅटिनम," मामी म्हणाली. "आधी सांगितलं असतंस तर उलट घातलं असतं. पण ते तिथं ठेवलंय कशाला, लेका?"

"धूर धुवायला. ती जाळी नसली तर धूर घाण येतो. मग पासिंग नाही."

पासिंगचं नाव ऐकताच मामीचा चेहरा उतरला. तिनं बाबालालला दुसरा सायलेन्सर आणायला सांगितलं, जाळीसकट. मग ती केरबाकडे वळली आणि बाबालालच्या साक्षीनं म्हणाली, "हे बघ. अठरा तारखेपर्यंत गाडीचा सायलेन्सर पुन्हा गेला, तर तू थेट तुझ्या चुलत्याच्या वीटभट्टीवर. मग दार बीर विसर."

केरबा चुलत्याकडे एकदा गेला होता. तिथं दारं नव्हती. विटाच विटा.

"मग काय करू मामी?"

"गाडीखाली कुणी शिरला, तर पाय धरून ओढ बाहेर. आणि चोर चोर म्हणून बोंब मार."

"बरं मामी."

चार तारखेला बाबालाल दुसरा सायलेन्सर घेऊन आला. अंगणात व्हॅन उभी होती. मामी आत भाकऱ्या थापत होती. बाबालाल गाडीखाली शिरला. केरबानं त्याचे पाय धरले, फरफटत बाहेर काढला आणि बोंब मारली, "चोर! चोर!"

"अरे, मी आहे मी!"

"चाचा, तुम्ही होय? मला वाटलं चोर."

बाबालाल पुन्हा आत शिरला. केरबानं पुन्हा ओढला. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी बाबालालच्या टाळक्याला सायलेन्सर लागला आणि अख्खी गल्ली जमली.

"अरे गाढवा, मला ओळखत नाहीस?"

"तोंड ओळखतो, चाचा. पण तोंड आत असतं. बाहेर नुसते पाय. पाय तुमचेच आहेत हे मी कसं सांगू? मधल्या वेळात बदलले असले तर?"

मामी पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं बाबालालच्या टाळक्याला हळद लावली.

"केरबा, आधी विचारावं की रे माणसाला, काय करतोस बाबा म्हणून. लावत असला तर तो आपला. त्याला मदत करावी. काढत असला तर चोर. त्याला ओढावा. इतकं साधं आहे."

"बरं मामी."

आणि खरंच ते इतकं साधं होतं, की केरबाला आधी कसं सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

नऊ तारखेला मामीनं नारळ उतरवायला यल्लाप्पाला बोलावलं होतं. यल्लाप्पा माडावर कमरेइतका चढला असेल, तोवर केरबा आला.

"काय करताय?"

"नारळ काढतोय."

"काढताय?"

"मग काय लावतोय?"

केरबानं त्याचे पाय धरून ओढला. यल्लाप्पा उकिरड्यावर बसला, म्हणून वाचला. तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. नारळ न उतरवता, आपला वाटा न घेता तो तसाच पाय आपटत निघून गेला.

त्याच दिवशी दुपारी पंचायतीच्या निवडणुकीची माणसं आली. बादलीत खळ, बगलेत पोस्टरांची गुंडाळी.

"काय करताय?" केरबानं विचारलं.

"पोस्टर लावतोय."

केरबाचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलेच!"

त्यानं बादली धरली. मामीच्या नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर अकरा पोस्टरं लागली. भिंत संपली. माणसं निघाली तर केरबानंच त्यांना थांबवलं आणि व्हॅनची समोरची काच दाखवली. संध्याकाळी मुलींना आणायची वेळ झाली तेव्हा मामी गाडीत बसली आणि तिला समोर रस्त्याऐवजी हात जोडलेला उमेदवार दिसला. त्या दिवशी अकरा मुली शाळेच्या फाटकात तासभर उभ्या राहिल्या.

मामीनं काच खरवडली. खरवडता खरवडता तिचा राग संपला आणि नुसता थकवा उरला. रात्री जेवताना ती मऊ आवाजात म्हणाली, "केरबा, तुझ्यापेक्षा मला यल्लाप्पाचं वाईट वाटतं. आपल्या दारातनं माणूस कधी रिकामा गेला नाही. तुझ्या मामांनी ही रीत शेवटपर्यंत पाळली. दारात कुणी आलं की गोड बोलावं. पाणी द्यावं. त्याला काय हवं ते विचारावं आणि होईल तितकं देऊन पाठवावं. बाकी काही ध्यानात ठेवू नकोस."

"आणि सायलेन्सर?"

"सायलेन्सरला तेवढा परक्याला हात लावू द्यायचा नाही. बास."

"बरं मामी."

केरबानं दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या. गोड बोलायचं, मागेल ते द्यायचं. सायलेन्सरला परक्याचा हात नाही. जुनं सगळं त्यानं पुसून टाकलं. मामीनंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटर बघायला आलेला माणूस मामीची ताक घुसळायची रवी घेऊन गेला, कारण तो म्हणाला, "छान आहे हो रवी." मामी आता दिवस मोजत होती. सायलेन्सर जागेवर होता. तिला तेवढंच पुरे होतं.

सतरा तारीख उजाडली. मामी गाडीचे कागद घेऊन शिक्के मारून घ्यायला चालत चावडीवर गेली. व्हॅन अंगणात. केरबा ओट्यावर. आणि फाटकातून निळ्या कपड्यातले दोघं आत आले. एक उंच, एक ठेंगणा.

केरबानं त्यांना लगेच ओळखलं. ओळखीचं माणूस दारात आलं म्हणजे बरंच वाटतं.

"या, या. बसा. पाणी घ्या."

चोरांना आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ते बसले. पाणी प्याले. ठेंगण्यानं तांब्या खाली ठेवून सवयीनं आभार मानले.

"सायलेन्सर न्यायला आलात?" केरबानं गोड आवाजात विचारलं.

उंचाला ठसका लागला. "न्यायला असं नाही. म्हणजे, बघायला."

"बघा खुशाल. पण हात लावू देता येत नाही. मामीनं सांगितलंय."

दोघं उठले. ते जॅक उचलून फाटकाकडे निघालेसुद्धा. केरबाचा जीव कासावीस झाला. दारातनं माणसं रिकामी चालली होती. एक नाही, दोन.

"थांबा हो! असे जाऊ नका. तुम्हाला नेमकं काय हवंय ते तरी सांगा."

ठेंगणा वळला. तो स्वभावानं सरळ असावा. "खरं सांगू का दादा? सायलेन्सरशी आमचं काही देणंघेणं नाही. नुसतं ओझं. आम्हाला आत जी जाळी असते ना, तिची माती हवी असते."

केरबाचा जीव भांड्यात पडला. "माती होय! अहो, मग आधी नाही का बोलायचं? मातीबद्दल मामी काहीच बोलली नाही."

"मग काढू?"

"छे छे. तुम्ही हात लावायचा नाही. मी देतो."

"तुम्हाला जमेल?"

केरबानं अकरा मिनिटं पापणी न लववता सायलेन्सर निघताना पाहिला होता आणि चार वेळा थांबून थांबून लागताना पाहिला होता. असं शिक्षण तालुक्यात कुणाचं झालं नव्हतं. त्यानं चोरांचे पाने घेतले. खाली शिरला. नट सोडले, नळकांडं बाहेर काढलं, जाळी ठोकून मोकळी केली आणि मामीच्या खलबत्त्यात कुटली. उंच चोर बाजूला उकिडवा बसून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मग केरबानं ती माती पिठाच्या चाळणीनं चाळली. खडे राहिले तर घराचं नाव जायचं. स्वच्छ धडप्यात पुरचुंडी बांधली आणि दोन्ही हातांनी दिली.

"पुन्हा या," तो म्हणाला.

रिकामं नळकांडं त्यानं परत जागेवर बसवलं, फडक्यानं पुसलं आणि ओट्यावर येऊन बसला. इतकं सगळं एका दिवशी नीट जमून येणं हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

अठरा तारखेला सकाळी मामी, केरबा आणि बाबालाल मैदानावर गेले. मामीनं वाटेत दोनदा गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं होतं. सायलेन्सर होता. आवाज जरा घोगरा वाटत होता, पण म्हाताऱ्या गाडीला सर्दी होणारच.

साहेब आले. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, सरकतं दार पाहिलं. दार केरबानं उघडून दाखवलं. साहेब म्हणाले, "दार छान आहे." केरबा चार बोटं उंच झाला. मग साहेबांनी धुराच्या नळीत यंत्राची कांडी घातली. यंत्राचे आकडे वर गेले, आणखी वर गेले आणि तिथंच राहिले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. खाली वाकून त्यांनी पान्यानं सायलेन्सरवर टकटक केलं. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला.

"बाई, आत काहीच नाही. नुसतं टरफल आहे."

मामी केरबाकडे सावकाश वळली. "केरबा, कोण आलं होतं?"

"ते दोघं. गोड बोललो. पाणी दिलं."

"आणि सायलेन्सरला हात लावू दिलास?"

"बोटसुद्धा नाही, मामी! माती मीच काढून दिली. चाळून."

"वीटभट्टी," मामी म्हणाली.

"का?" केरबानं विचारलं. "सायलेन्सर गेला तर वीटभट्टी, असं ठरलं होतं. सायलेन्सर कुठं गेलाय? हा काय."

बाबालालनं वाकून पाहिलं. "शब्द तसाच होता, हौसाक्का," तो खाली मान घालून म्हणाला. "मी होतो तिथं."

मामी गाडीच्या पायरीवर मटकन बसली. सायलेन्सर होता. शब्द तिचाच होता. साहेबांना तिची दया आली असावी. कुणीतरी त्यांना शाळेच्या मुलींचं सांगितलं होतं आणि मामीचे डोळे त्यांनी स्वतः पाहिले होते. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "हे पाहा बाई, बाकी गाडी ठीक आहे. मी संध्याकाळी पाचपर्यंत मैदानावर आहे. तेवढ्यात ती जाळी बसवून आणा. बसली तर आजच शिक्का देतो. नाही तर माझा नाइलाज आहे."

"पाचपर्यंत?" बाबालाल म्हणाला. "शहरातून मागवायला चार दिवस लागतात, साहेब."

साहेब दुसऱ्या रांगेकडे गेले. मामीनं कपाळावरचा घाम पुसला. तिच्या डोळ्यांपुढं शाळेच्या फाटकात ताटकळणाऱ्या अकरा मुली आल्या असाव्यात. ती एकदम ओरडली, "बघत काय बसलास? जा! जिथनं मिळेल तिथनं आण ती माती!"

"आत्ता?"

"आत्ता!"

"बरं मामी," केरबा म्हणाला, त्यानं बाबालालची पान्यांची पिशवी उचलली आणि तो गेला.

मामी डोकं धरून बसून राहिली. बाबालाल तिची समजूत घालत होता. मुलींना एसटीनं पाठवता येईल, चुलता तितका वाईट नाही, वगैरे. साहेब रांग संपवून परत आले. तेवढ्यात समोरून केरबाही आला. हातापायांना काळं, शर्ट तेलानं भरलेला, चेहरा उजळलेला. हातात रुमालाची पुरचुंडी.

अकरा मिनिटं झाली होती.

मामी उठून उभी राहिली. "मिळाली?"

"मिळाली मामी. मैदानभर हिंडून बघितलं. चाचा म्हणाले होते ना, जुन्यात माल जास्त असतो. सगळ्यांत जुनी शोधून काढली. तिकडं, कचेरीच्या मागं, सावलीत लावली होती. पांढरी. वर लाल अक्षरं."

साहेबांनी मान वळवून कचेरीच्या मागं पाहिलं.

केरबानं पुरचुंडी सोडली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली.

"घ्या साहेब, मोजा आता धूर," तो म्हणाला. "फक्त चाळायची राहिली. तुमच्या गाडीत चाळणी नव्हती."